दुधाच्या कॅनचा सायलेन्सर

बोटीला सायलेन्सर असतो की नसतो, असलाच तर त्याचं तोंड पाण्याच्या वर असतं की खाली, हा प्रश्न माझ्या एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. तहसील कचेरीत मी तीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तिथं गारपीट आली, टंचाई आली, दोन वेळा जनगणना आली, पण बोट कधी आली नाही. वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी सांगायला नको. तरीही आज मेडशीत आमच्या घरासमोर, जिथं इतरांच्या दारात ट्रॅक्टर नाहीतर मोटरसायकल असते, तिथं एक लालभडक, पुढून निमुळती, शर्यतीची बोट उभी आहे. गल्लीतली मुलं तिला विमान म्हणतात. मी काही म्हणत नाही. मी हल्ली कोणालाच काही म्हणत नाही.

यामागं बेबीमावशी. माझ्या मायची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, पण घरात सर्वांत लहान म्हणून पडलेलं बेबी हे नाव कायम. धरणाच्या पलीकडच्या काठावर खैरीत तिचं घर. आमच्या घरापासून धरण चालत दहा मिनिटांवर आणि पाण्यावरून सरळ गेलं तर खैरी दीड किलोमीटर. रस्त्यानं फिरून गेलं तर एकतीस. मायचं वय ब्याऐंशी, त्यात पाठीचा मणका सरकलेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना धक्का बसता कामा नये." डॉक्टर अकोल्याचे, त्यांना खैरीचा रस्ता माहीत नव्हता. मला माहीत होता. त्यामुळे तीन वर्षं दोघी बहिणींची भेट नव्हती.

तुम्ही म्हणाल, फोन करा. मायला ऐकू येत नाही. मग तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉल करा. मावशीला दिसत नाही, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तरी आम्ही दर रविवारी फोन लावायचो. तिकडून मावशी बोलत राहायची, इकडे माय मान डोलवत राहायची. मायला मावशीचं बोलणं ऐकू येत नसे आणि मावशीला मायची मान दिसत नसे. अर्ध्या तासानं माय फोन माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "काय म्हणे बेबी?" मी तिच्या कानाशी ओरडायचो, "बरी आहे म्हणे!"

गेल्या थंडीत एकदा फोन झाल्यावर माय म्हणाली, "सत्या, मले एकदा बेबीचा हात धरू दे बावा. मंग मी तुले काईच मागत नाई." मायनं मला आजवर काहीच मागितलं नव्हतं. माझ्या शिक्षणासाठी तिनं लोकांच्या शेतात निंदणं केलं, तेव्हाही बदल्यात काही मागितलं नाही.

म्हणून बोट. नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या बोट क्लबचा लिलाव होता. मी गेलो होतो तो बदकासाठी. पायानं चालवायची, बदकाच्या आकाराची, पांढरी, शांत बोट. बदकाच्या पोटात माय टेकून बसेल, मी पायडल मारीन, असं सगळं मी मनात बसवून गेलो होतो. ते बदक एका धाबेवाल्यानं धाब्यासमोर मुलांना बसवायला नेलं. उरली ती ही. तीस वर्षं दुसऱ्यांचे लिलाव पुकारलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत येववेना, एवढंच माझं चुकलं.

बोट ट्रकवरून उतरली तेव्हा रत्नमाला, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारात उभी होती. तिनं बोट पुढून पाहिली, मागून पाहिली.

"अवो, तुमची सायकल पंचर झाली तं दोन दोन मयने उभी राह्यते. हे कोण चालवन?"

"शिकीन."

"पोवता येते काय तुमाले?"

हा प्रश्न मला लिलावाच्या आधी कोणी विचारायला हवा होता. शेजारचे भाऊसिंग राठोड, निवृत्त लाइनमन, कंपाउंडवरून वाकून पाहतच होते. भाऊसिंगचं असं आहे की त्यांना कुठल्याही विषयावर मत आहे आणि ते तुम्हाला मिळतंच. ते म्हणाले, "सतीशभाऊ, आधी हे सांगा, मायलेज काय देते?"

इंजिन चालू करायला इस्माईल मिस्त्री आला. एसटी स्टँडमागं त्याचं ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. दोन दिवसांत त्यानं इंजिन चालू केलं. "पेट्रोलचंच हाय साहेब. इंजनाले काय मालूम, आपुन जमिनीवर हाओत का पाण्यात!" फेब्रुवारीतल्या एका दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही बोट धरणावर नेली, पाण्यात सोडली, आणि मी किल्ली फिरवली.

बोटीच्या मागं मनगटाएवढी दोन नळकांडी होती. ती कशासाठी, ते तेव्हा कळलं. शर्यतीच्या बोटीला सायलेन्सर नसतो, कारण शर्यतीत कोणाला शांतता नको असते. पाण्यातल्या म्हशी उठून थेट गावात गेल्या. मेडशीच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं टायर फुटला समजून खाली उतरून सगळे टायर पाहिले, असं मागाहून समजलं. मी स्वतः किल्ली बंद करायची विसरलो, कारण दोन्ही हात कानांवर होते.

संध्याकाळी मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष सेवादास घरी आले. सेवादास फार हळू बोलतात. हळू बोलणाऱ्या माणसाचं मन वळवणं किती अवघड असतं, हे कचेरीत काम केलेल्यालाच माहीत.

"साहेब, तुमचं काम मायचं हाय, आमी समजतो. पण मच्छीले भी जीव असते. आज एकाही जाळ्यात काई नाई."

पाणी पाटबंधारे खात्याचं, मासळी संस्थेची. म्हणजे परवानगी खात्याच्या शाखा कार्यालयाची, आणि त्यासाठी संस्थेची हरकत नसल्याचा ठराव. संस्थेनं अटी दोन घातल्या: आवाज बंद झाला पाहिजे, आणि धुराचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही. मला अटी अगदी वाजवी वाटल्या. सायलेन्सर बसवायचा, आठ दिवसांचं काम. मी मायच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आठ दिवस!" तिनं पेटीतलं इस्त्रीचं पांढरं लुगडं बाहेर काढून ठेवलं.

शाखा कार्यालयात मी अर्ज दिला. तो चार दिवसांनी परत आला. त्यावर शेरा होता, "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा." हे वाक्य मी स्वतः आयुष्यात किती लोकांच्या अर्जांवर लिहिलं असेल! ते दुसऱ्याच्या अक्षरात वाचताना कसं वाटतं, ते मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं. त्रुटी होती प्रदूषणाच्या दाखल्याची. प्रदूषण तपासणारा म्हणाला, गाडीचा नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढं सरकत नाही. नंबरासाठी गेलो तर ते म्हणाले, चाकं कुठं आहेत? तीन चकरा झाल्यावर कोणीतरी तोडगा काढला की बोट ज्या ट्रॅक्टरवर येते त्याचा नंबर टाका. आजही माझ्याकडे जो दाखला आहे त्यानुसार माझी बोट एक निळा ट्रॅक्टर आहे.

तिकडे इस्माईलनं त्या नळकांड्यांत हाताचं बोट घालून पाहिलं, वास घेतला आणि निकाल दिला. "ट्रॅक्टरचा सायलेन्सर बसवतो साहेब. उभा. धूर सीधा आसमानात. मच्छी खुश, माय खुश."

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आमच्याकडे धूर वरच सोडतात. सोयाबीनच्या गंजीजवळ ट्रॅक्टरच्या आडव्या नळीतून एक ठिणगी उडाली तर वर्षाची राख होते, म्हणून सायलेन्सर उभा, हे दोन पिढ्यांचं शहाणपण आहे. फक्त एक गोष्ट इस्माईलला ठाऊक नव्हती आणि मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. बोटीचं इंजिन धरणाचंच पाणी ओढून घेऊन स्वतःला थंड करतं आणि तेच गरम पाणी धुराबरोबर त्याच नळीतून बाहेर फेकतं. ट्रॅक्टरचा धूर आकाशात जातो. आमचा धूर पाणी घेऊन आकाशात गेला. आणि आकाशात गेलेलं पाणी खाली येतं.

काठापासून चाळीस हात गेलो नसू, तोच माझ्यावर आणि इस्माईलवर पाऊस सुरू झाला. गरम, काळा, पेट्रोलच्या वासाचा. मी बोट पळवायला लागलो तर पाऊस आमच्याबरोबर पळायला लागला. काठावर तीसेक माणसं आणि भाऊसिंग. आम्ही परत आलो तेव्हा इस्माईल ओळखू येत नव्हता, मला बघून माझ्याच गल्लीतल्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. भाऊसिंग म्हणाले, "आबे, सायलेन्सरवर डबा उलटा ठेवा ना! ट्रॅक्टरवाले ठेवतेत." गोडेतेलाचा डबा आणून ठेवला. पहिल्याच झटक्याला तो उडाला, धरणात पडला आणि बुडाला.

मग दुसरा उपाय. पाणी वेगळं, धूर वेगळा. पाणी बाजूच्या नळीनं खाली, नुसता धूर सायलेन्सरमधून वर. आवाज बराच कमी झाला. मी खूश. पण नळी थंड राहायची ती त्या पाण्यामुळेच, हे आम्हाला सायलेन्सर लाल झाल्यावर समजलं. रत्नमालानं मायच्या पाठीसाठी खास कापसाची गादी शिवली होती. माप बघायला मी ती मागच्या बाकावर ठेवली होती. तिच्या कडेला ताटाएवढं भोक पडलं. जळकी गादी काखेत मारून मी भर बाजारातून घरी आलो. रत्नमालानं गादी घेतली, भोकाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

माय रोज विचारायची, "झाली काय बोट?"

"होत आली, माय!"

मार्च गेला. रविवारच्या फोनवर मावशीचा मुलगा संघदीप आधी मला गाठून सांगायला लागला, "दादा, आईचं खानं कमी झालं. भाकर नाई खात. नुसता चहा." मी म्हणायचो, परवानगी अंतिम टप्प्यात आहे. अंतिम टप्पा हा शब्दही कचेरीतलाच. त्याचा अर्थ काहीच नसतो.

इस्माईल मात्र बदलला. पहिल्या दोन फजित्यांनी तो गंभीर झाला होता. मोबाइलवर तो परदेशातल्या कुठल्याशा म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघायचा. "बोलनं नाई समजत साहेब, पण हात समजते." त्या हातांवरून त्याला कळलं की इंजिन आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये एक बंद भांडं लागतं. धूर आणि पाणी दोन्ही त्यात येतात, पाणी तळाशी साठतं, धूर ते थोडं थोडं बाहेर ढकलतो आणि आवाज पाण्यात मरतो. तयार भांडं मुंबईहून यायला दीड महिना लागणार होता. इस्माईलनं डेअरीतून स्टीलची चाळीस लिटरची दुधाची कॅन आणली. झाकण वेल्डिंगनं बंद केलं, एक नळी आत, एक बाहेर. कॅनवर लाल अक्षरात 'शुद्ध' लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. मी ती कॅन बोटीत बसलेली पाहिली आणि मला मनापासून वाटलं की आता जमणार.

पाण्यात चाचणी घेण्याआधी जमिनीवर तपासणी, असा खात्याचा नियम निघाला. साहेब घरी येऊन आवाज ऐकणार. त्याआधी आपण एकदा ऐकून घ्यावा म्हणून एप्रिलच्या मध्यावर आम्ही बोट दारात चालू केली. इंजिनाला पाणी लागतं म्हणून ओट्यावर तीन ड्रम भरून ठेवले होते. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळ आठव्या दिवशी येतो. ते तीन ड्रम म्हणजे आमचं आठवड्याचं पाणी होतं.

कॅननं काम केलं! लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा मऊ आवाज, बस्स. इस्माईलनं माझा हात धरला. मी रत्नमालाकडे पाहिलं. पण ती आवाज ऐकत नव्हती, ती बोटीच्या मागं बघत होती. तिथून बदाबदा पाणी पडून नालीत चाललं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या आणि एकही बोलेना. एप्रिलमध्ये तुम्ही आमच्या गल्लीत दारासमोर पाणी वाहू देऊन बघा. चोरी करताना सापडलात तर लोक निदान शिव्या तरी देतात.

"पाणी कायले वाया घालून राह्यले?" भाऊसिंग म्हणाले. "मांगून निंगते तेच पुढं घाला ना!"

हा सल्ला इस्माईलला पटला, बायकांना पटला, आणि सांगायला लाज वाटते, मलाही पटला. धुराच्या नळीला रबरी पाइप जोडला आणि त्याचं दुसरं टोक ओट्यावरच्या ड्रममध्ये, पाणी उडू नये म्हणून तळापर्यंत सोडलं. चार मिनिटं सगळं छान चाललं. ड्रममध्ये बुडबुडे येत होते, पाणी एक थेंब वाया जात नव्हतं, भाऊसिंग दोन्ही हात मागं बांधून उभे होते. मग इस्माईलनं इंजिन बंद केलं. धुराचा जोर थांबला. ड्रम वर, इंजिन खाली. ड्रममधलं पाणी त्याच पाइपानं उलटं आलं, कॅन भरली आणि कॅनमधून पुढं इंजिनात गेलं. आम्हाला काहीच कळलं नाही. पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा आतून फक्त एकदा 'टक्' असं झालं.

इस्माईलनं वरचा भाग उघडला आणि खाली बसला. "साहेब, इंजनानं पाणी पेलं."

पाण्यात राहण्यासाठी बनवलेलं इंजिन आम्ही मेडशीच्या कोरड्या रस्त्यावर बुडवलं. जगात दुसऱ्या कोणी हे केलं असेल असं मला वाटत नाही.

पुढचे चार आठवडे इंजिन सुटं होऊन आमच्या ओट्यावर पोत्यांवर पडून होतं. याच काळात खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी पोत्यांवरचे नट-बोल्ट पाहिले, घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, "तपासणीवेळी आवाज आढळून आला नाही." मी आक्षेप घेतला नाही. मायनं पांढरं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं होतं. विचारणंही तिनं बंद केलं होतं. मी घरात शिरलो की ती माझ्या हातांकडे बघायची, काळे आहेत का ते.

मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी पाण्यातली चाचणी ठरली. अटी: प्रवासी नको, पलीकडच्या काठाला टेकायचं नाही, बोटीत संस्थेचा प्रतिनिधी असावा, आणि आवाजाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून सोमवारच्या बैठकीत ठेवावं. सोमवारी परवानगी, मंगळवारी माय खैरीला. मी पेटीतलं लुगडं स्वतः काढून तिच्या खाटेवर ठेवलं.

सेवादास माझ्या शेजारी बसले आणि मोबाइल समोर धरला. "साहेब, आता कोनी बोलाचं नाई. रेकाड चालू हाय."

काय सांगू तुम्हाला! बोट अशी गेली की पाण्यात उभ्या बाभळीच्या खोडावर बसलेला बगळा उडालासुद्धा नाही. मागं फक्त कॅनमध्ये पाणी खदखदल्यासारखा बारीक आवाज. चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी अगदीच टाकाऊ माणूस नाही. सेवादासांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी आनंदानं बोट आणखी पुढं नेली, मध्यावरून पुढं, खैरीच्या काठापासून साठ-सत्तर हातांवर.

काठावर करंजाच्या झाडाखाली एक खाट होती. खाटेवर बेबीमावशी. बारीक झाली होती, पण मी ओळखलं. तोंड पाण्याकडे, अगदी आमच्याकडेच. मी हात हलवला. ती तशीच बसून. मी दोन्ही हात वर करून हलवले. मग मला आठवलं की तिला दिसत नाही.

मी सेवादासांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मावशी, एवढा एक शब्द मी ओरडू शकत होतो. पण रेकॉर्डिंग बिघडलं असतं, सोमवारची बैठक हुकली असती, आणि पुढची बैठक महिन्यानं होती. आणि खरं सांगायचं तर नियमात बसत नाही ते करायला माझं तोंड उघडतच नाही, तीस वर्षांची सवय. मंगळवारी मायलाच घेऊन येतो, मग नुसत्या हाकेचं काय मोठं, असा हिशेब करून मी चाक फिरवलं.

रविवारी सकाळी फोन वाजला. फोनचा वारच तो, म्हणून मला फोन घेताना बघून माय उठून बसली. संघदीप म्हणाला, "जयभीम दादा. आई गेली."

गावातला पिकअप मिळाला. त्यात दोन गाद्या टाकल्या, एक भोकाची आणि एक चांगली. मायला आडवं केलं, बाजूला मी आणि रत्नमाला, पुढं भाऊसिंग. ड्रायव्हरनं बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवली. एकतीस किलोमीटरला अडीच तास लागले. मायच्या पाठीला काही झालं नाही. खैरीत ती माझ्या खांद्याला धरून उतरली, मागं वळून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढाच रस्ता व्हता, सत्या?"

ती आत गेली, मावशीजवळ बसली आणि तिनं मावशीचा हात धरला. दुपारी लोक मावशीला न्यायला येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

सगळं आटोपल्यावर संघदीप माझ्याजवळ येऊन बसला. "फेब्रुवारीत तुमी पैल्यांदा बोट चालू केली नं दादा, ते आईनं इथून आयकलं. म्हणे, माही बहीण तुळसा येऊन राह्यली. तवापासून रोज चार वाजले का खाट काठावर न्या लागे. परवा शुक्रवारी भी बसली व्हती अंधार पडेपर्यंत. म्हणे, आजबी आवाज नाई आला बापा, बिघडली वाटते सतीशची बोट." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बिघडली व्हती काय दादा?"

मी म्हणालो, "हो."

परतीच्या वाटेवर मायनं विचारलं, "काय म्हणे संघदीप?"

बरं आहे म्हणे, असं मी सांगू शकत होतो. दर रविवारी तेच सांगत आलो होतो. पण मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. मावशी वाट पाहत होती ते, आम्ही चार महिने खपून आवाज बंद केला ते, शुक्रवारी मी तिला पाहिलं ते, आंधळ्या बाईला हात हलवला ते. मायला पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी तिच्या कानाशी छाती फुटेस्तोवर ओरडलो. ड्रायव्हरनं ऐकलं, भाऊसिंगांनी ऐकलं, रस्त्याच्या कडेनं चाललेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. एवढ्या मोठ्यानं ओरडता येतं मला, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊसिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही.

माय बराच वेळ आभाळाकडे बघत पडून राहिली. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मेडशी येईपर्यंत तो तिथंच होता. रागाचा की मायेचा, मी विचारलं नाही.

मंगळवारी परवानगीचं पत्र आलं, अटी व शर्तींच्या अधीन राहून. वरातीमागून घोडं. मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीच्या, दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "मले धरणावर तुह्या बोटीपाशी ने." मी इस्माईलला बोलावलं. त्याला काही सांगावं लागलं नाही, त्यानं पाना काढून कॅन सोडवली आणि बाजूला ठेवली. धरणाच्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मायला बसवलं. पांढरं लुगडं तिनं आधीच नेसलेलं होतं. मी किल्ली फिरवली.

म्हशी उठल्या. बगळा गेला. सेवादास त्यांच्या झोपडीतून हात वर करत पळत आले, तोंड उघडलेलं, काहीतरी बोलतही होते. मग त्यांना खुर्चीतली माय दिसली. ते थांबले, खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला आणि तिच्यामागं उभे राहिले.

माय पलीकडच्या काठाकडे बघत होती. मी इंजिन बंद करायला हात पुढं केला तर ती म्हणाली, "राहू दे चालू. हे तं मले भी आयकू येते."

पेट्रोल संपेपर्यंत मी ते चालू ठेवलं.